भिंतीचा मध्य

३ सप्टेंबर

आज बाबांचं बेतायचं टेबल पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत गेलं. दारातून ते आडवं जाईना, उभं जाईना. शेवटी मामाने त्याचे पाय सोडवले. वाकलेले खिळे बाबांनी ठोकून सरळ केले आणि डबीत ठेवले. टेबल हलताना ते काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "खाली किती चिंध्या साठल्या होत्या बघ." टेबलाच्या जागी फरशीचा एक चौकोन उरलाय, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ.

माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा या खोलीत लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवत आलेत. आता इथे माझा फोटो स्टुडिओ होणार. मी मोठ्या स्टुडिओतली नोकरी सोडली, हे आईने अजून शेजारी कुणाला सांगितलेलं नाही. खोली बाबांनी आपणहून देऊ केली, मी मागितली नव्हती. हे मी मनाशी इतक्यांदा म्हणते की मागितलीच असावी अशी शंका येते. माझं इथे बस्तान बसलं नाही तर माझं काम जाईलच, पण त्यांचंही जाईल. आतल्या खोलीत उजेड नाही आणि गिऱ्हाईक आत यायला बिचकतं.

शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शब्द दिलाय. ऑक्टोबरात सगळ्या शिक्षकांचे ओळखपत्राचे फोटो माझ्याकडे. तोवर खोली तयार हवी.

"आधी पार्श्वपट कुठे लावायचे ते ठरवू या," मी म्हणाले.

"काय लावायचे?" बाबांनी विचारलं.

"पार्श्वपट. माणसाच्या मागे लावतात ते कापड."

"म्हणजे पडदा."

"पडदा पुढे असतो, बाबा. हे मागे असतं."

"दाजी, गप बसा," मामा म्हणाला. "शिकलेल्या माणसाचा पडदासुद्धा वेगळा असतो."

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबांना सही येते आणि टेपवरचे आकडे वाचता येतात. आईला तेही नाही. ही वही उघडी टाकली तरी घरात ती वाचणारं कुणी नाही. तरीही मी ती उशीखाली ठेवते.

७ सप्टेंबर

निळं कापड शिवून झालं. मामाने आणलेला पाइप वरच्या नेफ्यात ओवून बाबांनी ते मला उभं करून दाखवलं. वरपासून खालपर्यंत चुण्या! एकसारख्या, बोटभर अंतराच्या. इतक्या देखण्या की क्षणभर मला तोंड उघडवेना.

"भिंतीच्या दीडपट कापड घेतलंय," बाबा म्हणाले. "त्याशिवाय भरल्यासारखं दिसत नाही."

मला रडूच आलं. मी सांगायला हवं होतं. मी धरूनच चालले की त्यांना माहीत असेल. ज्यांनी आयुष्यात सपाट कापड टांगलेलं नाही त्यांना कसं माहीत असणार?

"बाबा, हे सपाट लागतं. एकही चुणी नको."

"एकही?"

"सुरकुती जरी दिसली तरी फोटो वाया जातो."

"आणि माणसाच्या तोंडावर असतात त्या?"

"त्या चालतात."

"चला, म्हणजे माझी सोय आहे," म्हणत त्यांनी ब्लेड घेतलं आणि उसवायला बसले. मी दुसऱ्या टोकाकडून उसवत गेले. संध्याकाळी जास्तीचं कापून सपाट शिवून झाल्यावर त्यांनी कापडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगदी उघडंबोडकं वाटतं गं. लोक म्हणतील चादर वाळत घातलीय."

१० सप्टेंबर

कापड टांगायचे आकडे ठोकले. नेहमीप्रमाणे बाबा समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, डोळे बारीक केले, मग सरळ चालत जाऊन भिंतीवर पेन्सिलने फुली मारली. आधी मध्य काढायचा, मग दोन्हीकडे सारखं जायचं, ही त्यांची पद्धत. मी टेप पुढे केली तर हसले.

"कापडाची घडी घातली की मध्य सापडतो, मास्तरीणबाई. भिंतीची घडी कशी घालणार? तिथे डोळाच लागतो."

लोक त्यांना यासाठीच बोलवायचे. खिडकीसमोर उभं राहून मारलेली बाबांची फुली कधी सुताएवढीही चुकलेली मी पाहिलेली नाही.

मामाने भोकं पाडली, घरभर धूळ झाली, आईने आम्हा तिघांच्याही नावाने बोटं मोडली. कापड वर गेलं. उजवीकडे ते खिडकीच्या चौकटीला टेकलं आणि डावीकडे मात्र भिंतीचा एक उभा पट्टा उघडाच राहिला.

"बाबा, डावीकडे भिंत दिसतेय."

"कुठे?"

"ही काय."

त्यांनी मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तिथे दार आहे ना? दाराच्या बाजूला मोकळं हवं. लोक येणार जाणार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उगाच टोकलं. परवा उसवायला लावलं आणि आज हे. शिकल्यामुळे मला चुका काढायची खोड लागलीय का?

१२ सप्टेंबर

बाबा चहा प्यायला गेले तेव्हा मी गुपचूप मोजलं. फुली मध्यापासून हातभर उजवीकडे आहे. पुन्हा मोजलं. तेवढंच. टेप मामाची आहे, जुनी, सुरुवातीचे आकडे पुसलेले. माझंच काहीतरी चुकत असणार. आणि दाराचं कारण त्यांनी सांगितलंच आहे.

मोजल्याचं त्यांना सांगितलं नाही. त्यामुळे दिवसभर टोचत राहिलं.

१५ सप्टेंबर

रविवारी मी बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. आज एका मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी होती. "काळाच्या पडद्याआड" असं मी वाचलं. बाबा म्हणाले, "थांब. कुणी शिवला तो?"

"काय?"

"हा काळाचा पडदा. एवढी माणसं त्याच्याआड जातात, कापड दणकट असणार. अस्तर लावलंय का त्याला?"

आई आतून म्हणाली, "अहो, मेलेल्या माणसाची थट्टा करू नका."

"त्यांची कुठे करतोय? शिंप्याची चौकशी करतोय."

जेवताना त्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. चटणी-कोशिंबिरीला हातही लावला नाही. आईने ताट फिरवून दिलं, तर सगळं संपवलं. मी आईकडे पाहिलं. म्हणाली, "त्यांना असंच लागतं हल्ली." माणसं वयाने हट्टी होतात ती अशी.

२१ सप्टेंबर

आज खूप वाईट दिवस. पाळणाघराच्या बाई सगळे पडदे परत घेऊन आल्या. त्या बाबांच्या फार जुन्या गिऱ्हाईक. प्रत्येक पडद्याची एक कड दुमडायची राहिली होती. एकच कड, सगळ्या पडद्यांची तीच. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "तुमचं लक्ष नव्हतं वाटतं," एवढंच म्हणाल्या. बाबांनी पडदे हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, "नीट तर आहेत." मग बाईंनी त्यांचा हात धरून त्या कडेवर ठेवला. बाबांनी बोट त्या कडेवरून टोकापर्यंत फिरवलं.

मामा संध्याकाळी आला आणि ऐकल्यावर मला म्हणाला, "बघ फोटूवाली, तुझ्या नादात दाजींचं चित्त थाऱ्यावर नाही."

थट्टेतच म्हणाला. पण खरं तेच आहे. आतल्या खोलीची खिडकी मशीनच्या उजवीकडे येते. डावीकडे अंधार. त्यांना शिवताना दिसत नसणार. मी त्यांची उजेडाची जागा घेतली आणि माझ्या दिव्यांची कौतुकं करत बसले. उद्या मशीनच्या डावीकडे माझा एक दिवा लावून देईन.

२२ सप्टेंबर

दिवा लावला. बाबांनी विचारलं, "कुठे लावलास?" मी दाखवला तेव्हा म्हणाले, "हां हां, छान पडतोय उजेड."

दुपारी पाहिलं तर आई बाबांनी माझ्यासाठी शिवलेलं पांढरं कापड मांडीवर घेऊन बसलेली. त्याचीही एक कड राहिली होती. ती हाताने टाके घालत होती. मी विचारलं तर म्हणाली, "बसून बसून हात शिवशिवत होते."

"म्हणून शिवतेस?" मी म्हटलं. दोघी हसलो. तिचे टाके मशीनसारखे नाहीत, पण घट्ट आहेत. फोटोत कड दिसणार नाही.

२८ सप्टेंबर

दिव्यांची चाचणी. माणूस हवा होता म्हणून बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी केस विंचरले, दाढी केली, लग्नाला निघाल्यासारखे बसले.

"इकडे बघा, बाबा. कॅमेऱ्याकडे."

"बघतोय की."

बघत होते दाराकडे. दर वेळी नजर उजवीकडे घसरायची. पंधरा मिनिटांत सांगून सांगून माझा आवाज चढला. ते म्हणाले, "अगं, आयुष्यभर पडद्यामागे राहिलेला माणूस मी. पडद्यापुढे बसायची सवय नाही." मग मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

मोठा करून फोटो पाहिला तर त्यांच्या डाव्या गालावर काळपट छाया. त्या बाजूचा दिवा कमी पडतोय. मी दिवा जवळ आणला, मग उंच केला, मग पांढरा पुठ्ठा लावला. प्रत्येक फोटोत तो गाल तसाच, खुंट वाढल्यासारखा. उजवा गाल मात्र तुळतुळीत. पूर्ण दुपार गेली. मला अजून उजेडाचं काहीच कळत नाही. शिक्षकांचे फोटो असे आले तर मुख्याध्यापिका काय म्हणतील?

आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "पुरे आता. दमले ते." इतक्या तुटक आवाजात ती माझ्याशी बोलत नाही.

३ ऑक्टोबर

हल्ली आई आणि बाबा संध्याकाळी फिरायला जातात. आई नेहमी त्यांच्या डावीकडून चालते, दंडाला दंड लावून. मामा म्हणतो, "ताई, या वयात?" आई लाजत नाही, दंडही सोडत नाही.

आज बाबा दोनदा दिव्याच्या तिकाटण्याला धडकले. पाय पसरट आहेत त्याचे. मी ते भिंतीशी सरकवलं. खोली लहान आहे हे मी आधीच मोजायला हवं होतं.

निळं कापड इस्त्री केलं, पांढरं केलं, राखाडी तसंच चांगलं पडलं. खाली जड पाइप घातल्यावर सुरकुती राहत नाही. जमिनीवर कापड पुढे ओढून घेतलं की भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते ते कळत नाही. खोलीत एक जागा अशी तयार झालीय की तिला कोपराच नाही. बाबा तिथे उभे राहून म्हणाले, "छान. माणूस हवेत असल्यासारखा वाटतो."

९ ऑक्टोबर

आज अक्षर खराब येईल.

शिक्षक आले. सकाळी सगळं ठीक होतं. निळ्यावर फोटो होत होते. डावीकडचा भिंतीचा पट्टा प्रत्येक फोटोत डोकावत होता, तो मी नंतर कापणार होते. बाबा दाराशी उभे राहून एकेकाला आत घेत होते. एक शिक्षिका त्यांच्या डाव्या बाजूने आल्या, नमस्कार म्हणाल्या, खुर्ची कुठे आहे विचारलं. बाबांनी मानही वळवली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तुमचे वडील बोलत नाहीत का आमच्याशी?" मी माफी मागितली. मला बाबांचा राग आला. हे लिहून ठेवायलाच हवं की मला त्यांचा राग आला.

मुख्याध्यापिकांना पांढरं कापड हवं होतं. मी बदलायला निघाले तर बाबा म्हणाले, "तू बोल त्यांच्याशी, हे माझं काम." स्टुलावर चढले. पाइपाचं उजवं टोक आकड्यातून काढलं आणि पाइप ओढला. डावं टोक आकड्यातच होतं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. जणू पाइपाला एकच टोक असतं. मी "बाबा, डावीकडे" म्हणेपर्यंत पाइप अडला, स्टूल कलंडलं आणि ते कापडासकट खाली आले.

निळ्या कापडाखाली ते निपचित पडले होते. मला कापडाची कड सापडेना.

शुद्धीवर आहेत. इस्पितळात ठेवलंय. आई तिथे आहे. मला घरी पाठवलं. शिक्षक न सांगता निघून गेले, खुर्च्या भिंतीला लावून.

११ ऑक्टोबर

डॉक्टरांनी कोरा कागद घेऊन त्यावर एक लांब आडवी रेघ मारली. बाबांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "आजोबा, या रेघेच्या बरोबर मधोमध खूण करा."

बाबांना बरं वाटलं. इतका वेळ सुया, यंत्रं आणि न कळणारे प्रश्न चालले होते. हे त्यांचं काम होतं. त्यांनी डोळे बारीक केले, कागदावरून हात फिरवला, मान जरा मागे घेतली आणि फुली मारली. मग माझ्याकडे पाहून हसले, बघ, टेप लागली का, असं.

फुली रेघेच्या उजव्या टोकाजवळ होती.

मी त्या फुलीकडे पाहत राहिले. माझ्या भिंतीवरची फुली अशीच आहे. पाळणाघराचे पडदे, पांढऱ्याची कड, ताट, दाढीचा गाल. सगळं एकामागोमाग येत गेलं आणि मी तिथल्या बाकावर बसले.

डोक्यात उजव्या बाजूला गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, त्यांचा डोळा चांगला आहे, पण डावी बाजू अशी काही असते हेच मेंदूला उमगत नाही. गाठ काढता येईल अशा जागी नाही. आधी आलो असतो तर, असं मी विचारायला लागले. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तरी फारसा फरक पडला नसता," म्हणाले. मला ते खरं मानायचं आहे. पण दुःखी माणसाशी मी बोलले असते तर मीही तेच म्हणाले असते.

बाबांना गाठ असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "दोऱ्याची असती तर मीच सोडवली असती."

१३ ऑक्टोबर

आज आईला विचारलं. इस्पितळाच्या जिन्यात, दोघी पायरीवर बसलो होतो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. काहीतरी कळत होतं, पण काय कळतंय ते कळत नव्हतं."

"ताट फिरवायचीस. डावीकडून चालायचीस."

"मग काय करायचं? रस्त्यात गाडी आली तर त्यांना दिसायची नाही. का दिसत नाही ते मला काय ठाऊक?"

"मला का नाही बोललीस?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तू सगळं गुंडाळून ठेवलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? कुणाला शिंक आली तरी तुला वाटतं खिडकी तू उघडी ठेवलीस. म्हटलं, शाळेचे फोटो होऊ देत. एकदा हिचं दुकान लागलं की मग सांगू."

रोज त्यांना पाहून मी माझ्या चुका लिहीत होते.

५ नोव्हेंबर

बाबा घरी आहेत. आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडे राहायला शिकलोय. खाट तशी फिरवली. पाण्याचा तांब्या, चष्मा, मामा, सगळं उजवीकडे.

आज म्हणाले, "तुम्ही सगळे एकाच बाजूला का गर्दी करता रे? खोली एवढी मोठी आहे."

मामा म्हणाला, "दाजी, त्या बाजूला वारा लागतो."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, बाबा," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"मला सगळं दिसतं." मग चादरीची कड चाचपत, "नसेल दिसत. पण काही चुकल्यासारखं वाटत नाही गं. पडदा अर्धा असता तर कळलं असतं ना?"

दुपारी त्यांना पुढच्या खोलीत बसायचं होतं. निळा पडदा मी धुऊन पुन्हा टांगलाय. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला, नेफ्याची शिवण नखाने चाचपली.

"रोज वहीत काय लिहितेस?"

"दिवसभरात काय झालं ते."

"माझं काही चांगलं लिहितेस की नाही?"

"काय लिहू?"

त्यांनी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "लिही, पडदा सरळ पडला."

लिहिलं.

२४ नोव्हेंबर

आता जास्त वेळ झोपूनच असतात. माझा हात धरून बोटाने तळव्यावर रेघ मारतात, मग रेघेवर बोट टेकवतात. मध्य काढतात असं मला वाटतं. कुठे टेकवतात ते मी पाहत नाही.

शाळेने उरलेले फोटो दुसरीकडे काढून घेतले. मुख्याध्यापिका स्वतः सांगायला आल्या. त्यांचंही बरोबर आहे.

१ डिसेंबर

बाबा गेले.

आई डावीकडे बसली होती. शेवटी तिथेच का बसली ते मी विचारलं नाही.

३ डिसेंबर

वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मामाने तिथल्या कारकुनाकडून लिहून आणला. मी आईला वाचून दाखवायला लागले. नाव, व्यवसाय, आणि मग "काळाच्या पडद्याआड गेले." तिथे मी थांबले.

आई म्हणाली, "अस्तर लावलंय का विचार त्यांना."

मामा फसकन हसला आणि तसाच रडायला लागला. आईने त्याला जवळ घेतलं, तो लहान असल्यासारखं. मी मजकुरात काही बदललं नाही.

सोबत फोटो हवा होता. नीट उजेडातला एकच आहे, अठ्ठावीस सप्टेंबरचा. मामाने पाहिला आणि म्हणाला, "दाढी अर्धीच आहे गं. ते तुला कॉम्प्युटरवर पुसता येतं ना?"

येतं. पुसली नाही. सबंध दुपार मी दिवा हलवत होते आणि ते कुरकुर न करता बसून राहिले होते.

१८ डिसेंबर

पाळणाघराच्या बाई येऊन गेल्या. परत आणलेले पडदे आईने पुरे केले होते, ते घेऊन गेल्या. मशीनवर आता आई बसते. तिला वाचता येत नाही, टेपचे आकडेही नाही, म्हणून मी मोजून देते आणि ती दोऱ्याला गाठी मारून माप ठेवते.

स्टुडिओचं काय करायचं ते ठरत नाही. एकदा वाटतं टेबल परत पुढच्या खोलीत आणावं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "पाय पुन्हा कोण सोडवणार? राहू दे तिथेच. मला सवय झालीय."

तिला तिथे सवय झालेली नाही, हे आता मला दिसतं.

७ जानेवारी

आज सकाळी मामा ड्रिल घेऊन आला. न बोलावता. "आधी ते आकडे सरळ करू या," म्हणाला. "गिऱ्हाईक येणार आणि अर्धी भिंत उघडी, बरं दिसतं का?" त्याने नवी टेप आणली होती. दोघांनी मिळून टेप ताणली, खरा मध्य काढला, त्याने तिथे पेन्सिलने उभी रेघ मारली. बाबांची फुली तिच्यापासून हातभर उजवीकडे. भिंतीवर दोन्ही खुणा शेजारी शेजारी होत्या.

"जुनी भोकं पुट्टीने बुजवून टाकतो," मामा म्हणाला आणि ड्रिल सुरू केलं.

"मामा, राहू दे."

"काय राहू दे?"

"आहे तिथेच असू दे."

"अगं पण मध्य चुकलाय."

मी म्हटलं, "दाराच्या बाजूला मोकळं हवं. लोक येणार जाणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ड्रिल बंद केलं, वायर गुंडाळली, गाल पुसले. "धूळ फार उडते या कामात," म्हणाला. धूळ अजून उडालीच नव्हती.

मग आम्ही बाकीचं सगळं सरकवलं. खुर्ची उजवीकडे, दोन्ही दिवे उजवीकडे, कॅमेऱ्याचं तिकाटणं उजवीकडे. टेबलाचा तो उजळ चौकोन खुर्चीच्या डावीकडे मोकळा राहिला. फरशीवर खुर्चीच्या चारी पायांशी मी चिकटपट्टीच्या खुणा केल्या. वर पडदा, त्याच्या बरोबर समोर कॅमेरा. भिंत कुठेही दिसत नाही.

दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. शाळेतल्या त्याच शिक्षिका, ज्यांनी बाबांना दोनदा विचारलं होतं. त्या दिवशी त्या बाबांच्या डावीकडे उभ्या होत्या. त्यांना कुठल्याशा अर्जासाठी फोटो हवा होता. खरं तर तो दुसरीकडेही मिळाला असता. "तुमच्या वडिलांचं कळलं," म्हणाल्या, आणि पडद्याकडे पाहत राहिल्या. "छान आहे हो निळा रंग."

"त्यांनीच शिवलाय."

त्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला, चष्मा काढला, परत घातला. खोलीचं दार एका अंगाला लांब आणि खिडकी दुसऱ्या अंगाला अगदी जवळ, हे त्यांना जाणवलं असावं. दोन्हीकडे मान वळवून त्यांनी पाहिलं.

"मी मधोमध आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर मधोमध."